हंड्या-झुंबरांचे मोल

जुन्या मंदिराच्या सभामंडपात उभे राहून मान वर केली, तर छताच्या तुळयांना ओळीने बसविलेल्या लोखंडी कड्या दिसतात. एकेकाळी या प्रत्येक कडीला साखळीने एक काचेची हंडी टांगलेली असे. पर्युषणात, दीपोत्सवात वा कल्याणकाच्या दिवशी त्या उजळल्या, की सारा मंडप सौम्य प्रकाशाने भरून जात असे. आज अनेक ठिकाणी कड्या शिल्लक आहेत. हंड्या मात्र नाहीत. त्या कोठे गेल्या, कोणी नेल्या आणि कोणत्या भावाने नेल्या, याची नोंद बहुधा कोठेच सापडत नाही. म्हणूनच या वस्तूंचा इतिहास आणि त्यांच्या मोलाची पारख समाजाला अवगत असणे अगत्याचे आहे.

हंडी म्हणजे वर रुंद आणि खाली निमुळते होत गेलेले काचेचे पात्र. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये घराच्या दालनात वा जिन्यावर घंटेच्या आकाराचे काचेचे कंदील टांगत. तीच घडण कंपनीच्या जहाजांतून भारतात आली आणि आपल्याकडील भांड्याच्या आकारावरून तिला हंडी हे नाव मिळाले. तिच्या काठाला धातूचे कडे, त्याला तीन साखळ्या आणि वर छत काळवंडू नये म्हणून काचेची लहानशी टोपी, अशी तिची रचना असते. आत मेणबत्ती लावीत, किंवा काचेच्या गिलासात खाली पाणी आणि त्यावर तेल घालून वात तेववीत. पाण्यात रंग मिसळला, की प्रकाशालाही रंग चढे. भिंतीवरील दिवालगिरी, ज्योतीवर ठेवण्याचा फानूस आणि अनेक शाखांचे, लोलकांचे झुंबर ही याच कुळातील भावंडे. जैन मंदिरांत ज्योतीभोवती काच असण्याला आणखी एक अर्थ होता. वाऱ्यापासून ज्योतीचे रक्षण होई, तसेच ज्योतीकडे झेपावणाऱ्या सूक्ष्म जीवांचेही रक्षण होई.

या काचेची घराणी वेगवेगळी आहेत. १६७४ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी शिशाचा अंश असलेल्या काचेचे पेटंट घेतले. ही काच जड, पाणीदार आणि पैलू पाडण्यास अनुकूल होती. इंग्लंडमध्ये काचेवर वजनानुसार कर असल्याने कारागीर हात राखून काम करीत. १८४५ मध्ये तो कर उठला आणि भरघोस, खोल पैलूंच्या कामाला मोकळीक मिळाली. १८०७ मध्ये बर्मिंगहॅम येथे स्थापन झालेल्या ऑस्लर या पेढीने १८५१ च्या लंडन प्रदर्शनात सत्तावीस फूट उंचीचे काचेचे कारंजे उभारून नाव कमावले. तत्पूर्वीच तिने कलकत्त्यात आपले दालन उघडले होते. भारतातील राजेरजवाडे आणि धनिक व्यापारी हे तिचे मोठे ग्राहक होते. बोहेमियातून हलकी, रंगीत, सोन्याची नक्षी असलेली काच येई, तर फ्रान्समधून बाकारा आणि बेल्जियममधून व्हाल सां लांबेर या कारखान्यांचा माल येई.

याच काळात, १८६७ मध्ये, कलकत्त्यात राय बद्रीदास या जैन जवाहिऱ्यांनी भगवान शीतलनाथांचे मंदिर उभारले. आरशांच्या तुकड्यांची जडणघडण आणि काचेची झुंबरे यांसाठी ते आजही ख्यात आहे. इंदूर येथे सर हुकुमचंद यांनी उभारलेले काचमंदिर हे त्याच आवडीचे विसाव्या शतकातील रूप होय. मराठी राजघराणीही मागे नव्हती. ग्वाल्हेरच्या १८७४ मधील जयविलास राजवाड्यातील दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची आहेत. ती टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्यासाठी वर हत्ती चढविले होते, अशी आख्यायिका सांगतात.

स्वदेशीच्या चळवळीने काचेलाही हात घातला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसाफंड काच कारखाना निघाला. १९१६ मध्ये कऱ्हाडनजीक ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. मात्र तोवर मुंबईत १९०५ पासून विजेचा पुरवठा सुरू झाला होता. वीज गावोगावी पोहोचली तसतशा हंड्या निरुपयोगी ठरल्या. काहींच्या काठाला भोक पाडून विजेची तार ओवण्यात आली, उरलेल्या माळ्यावर गेल्या. पुढे वाड्यांच्या वाटण्या झाल्या, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि जुने सामान मोठ्या प्रमाणात बाजारात आले. जीर्णोद्धाराच्या वेळी मंदिरांच्या माळ्यावरील काचही भंगाराबरोबर निघाली. पुष्कळदा ती वजनावर वा नगावर विकली गेली. पुढे झुंबराचे लोलक सुटे झाले, शाखा दुसऱ्या झुंबराला लागल्या, टोप्या हरवल्या. संच मोडला, की इतिहास मोडतो आणि किंमतही मोडते.

हिऱ्याची पारख जशी भिंगाखाली होते, तशी काचेचीही होते. पहिली कसोटी पूर्णत्वाची. हंडी, तिचे मूळ कडे, साखळ्या आणि टोपी हे सारे एकमेकांचेच असेल, तर मोल वाढते. दोन सारख्या हंड्यांची जोडी एकेका हंडीच्या दुपटीपेक्षा अधिक मोलाची ठरते, आणि बारांचा अखंड संच दुर्मीळच. दुसरी कसोटी शाबूतपणाची. काठाचा टवका, तडा, घासून लपविलेली इजा आणि विजेसाठी पाडलेले भोक यांमुळे मोल घटते. बोटाने काठ फिरवून पाहिला, तर डोळ्यांना न दिसणारी इजाही जाणवते.

तिसरी कसोटी काचेच्या जातीची. शिशाची काच हातात जड लागते, हलकेच टिचकी मारल्यास तिचा नाद रेंगाळतो आणि विशिष्ट अतिनील दिव्याखाली ती निळसर उजळते. लाल रंग सोन्याच्या क्षाराचा असेल तर त्यात गुलाबी झाक दिसते. सेलेनियमचा लाल रंग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आला. हातफुंकीच्या कामात नळीपासून काच तोडल्याची खूण, बारीक बुडबुडे आणि जाडीतील किंचित कमीजास्तपणा आढळतो. साच्यातील शिवण किंवा सर्वत्र एकसारखी झिळई दिसली, तर सावध व्हावे. फिरोजाबाद येथे आज जुन्या घडणीच्या उत्तम हंड्या तयार होतात. त्या नव्या म्हणून घेण्यात काहीच गैर नाही. जुन्या म्हणून घेण्यात मात्र फसगत आहे. बाजारात सर्रास ऐकू येणाऱ्या ‘बेल्जियम’ या शब्दाबाबतही तेच. आपल्याकडे कोणत्याही चांगल्या विलायती काचेला बेल्जियम म्हणण्याचा प्रघात पडला. त्यातील बराचसा माल प्रत्यक्षात बोहेमियाचा वा इंग्लंडचा असतो.

चौथी कसोटी सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित. ती म्हणजे वस्तूची वंशावळ. ही हंडी कोणी, कोणत्या साली, कोणत्या निमित्ताने अर्पण केली? जुन्या चोपडीतील एक ओळ, मंडपाचे एक छायाचित्र, पेढीची एक पावती यांनी वस्तूला ओळख मिळते. हा कागद हरवला, की तीच हंडी निनावी होते.

किंमत हा शब्द एकच असला, तरी किमती तीन असतात. विम्यासाठी धरावयाची किंमत म्हणजे तशीच वस्तू पुन्हा मिळविण्याचा खर्च. ती सर्वांत जास्त असते. लिलावात येणारी किंमत त्या दिवशीच्या ग्राहकांवर ठरते आणि त्यातून विक्रेत्याला दलाली द्यावी लागते. व्यापारी रोख देतो ती किंमत सर्वांत कमी, कारण त्याला दुरुस्ती, साठवण आणि नफा काढावयाचा असतो. यात कोणी लबाडच असतो असे नाही. पण कोणती किंमत सांगितली जात आहे, हे विचारल्याविना होकार देऊ नये. जो विकत घेणार आहे, त्याच्याकडूनच मूल्यांकन करवून घेऊ नये, हे तर साध्या व्यवहारातलेच शहाणपण आहे.

कायद्याची चौकटही ध्यानी घ्यावी लागते. १९७२ चा पुरावस्तू व कलामूल्यवान वस्तू कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू त्याच्या कक्षेत येते. अशा वस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाही. मंदिराच्या वस्तूंबाबत याहून जुना दंडक आहे. देवापुढे अर्पण झालेले ते देवद्रव्य. विश्वस्त हे त्याचे राखणदार असतात, धनी नव्हेत. विक्री अटळच ठरली, तर ठराव, छायाचित्रांसह यादी, स्वतंत्र मूल्यांकन आणि उघड बोली यांनंतरच ती व्हावी, आणि आलेली रक्कम त्याच कार्यास लागावी. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदीत जंगम मालमत्ताही असते, याचेही विस्मरण होऊ नये.

पुण्याच्या दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमविलेला संग्रह, ज्यात असंख्य दिवे आहेत, १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सुटे विकले असते, तर ते दिवे शेकडो घरांत विखुरले असते; आज ते एका छताखाली एका संस्कृतीची साक्ष देतात. प्रत्येक न्यासाला संग्रहालय उभारणे शक्य नाही. परंतु माळ्यावरची पेटी उघडणे, प्रत्येक हंडीला क्रमांक देणे, तिचे माप व छायाचित्र नोंदविणे आणि वडीलधाऱ्यांना दात्यांची नावे विचारून ती लिहून ठेवणे, एवढे तर कोठेही करता येते. ज्यांना ती नावे आठवतात ती पिढी आता थकत चालली आहे. हंडी ठेवावी की विकावी, हा निर्णय पुढेही घेता येईल. दात्याचे नाव मात्र एकदा पुसले गेले, की कोणत्याही बाजारात ते पुन्हा मिळत नाही.