पातेलंभर पाण्याचा हट्ट

शंभर ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी, त्यात दहा ग्रॅम मीठ आणि खळखळती उकळी. इटलीतल्या घराघरांतला हा नियम आपल्याकडच्या पाककृतींनीही जसाच्या तसा उचलला आहे. मिठाबद्दल माझी तक्रार नाही. पाण्याबद्दल आहे.

पाणी कमी पडलं तर पास्ता चिकटतो, हा पहिला युक्तिवाद. पास्त्याच्या अंगावरचा स्टार्च पहिल्या एक-दोन मिनिटांत फुगून चिकट होतो. तेवढ्यात ढवळलं नाही, तर हंडाभर पाण्यातही गठ्ठाच होणार. (पाण्यात तेल घालणाऱ्यांचं तर काय सांगावं! ते वरच तरंगतं आणि निथळताना पास्त्याला लागतं. मग सॉस त्यावर ठरत नाही.)

दुसरा युक्तिवाद अधिक शास्त्रीय वाटतो: थोड्या पाण्यात पास्ता टाकला की उकळी बसते. मोठ्या पातेल्यातलं पाणी कमी निवतं, हे मान्य. पण गार पास्ता जी उष्णता ओढून घेतो ती दोन्हीकडे तेवढीच, आणि ती भरून काढणारी शेगडीही तीच. त्यामुळे उकळी परतायला वेळही जवळपास तेवढाच लागतो. शिवाय उकळी हवीच कशाला? गव्हाचा स्टार्च साठ-सत्तर अंशांच्या आसपास फुगू लागतो. स्वयंपाकाच्या विज्ञानावर लिहिणारे हॅरॉल्ड मॅगी यांनी 2009 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये थेट गार, थोड्या पाण्यात पास्ता चढवण्याची रीत मांडली. 2022 मध्ये नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्जो पारीसी यांनी, उकळीनंतर गॅस बंद करून झाकण ठेवावं या सूचनेला दुजोरा दिला, तेव्हा इटलीतल्या शेफमंडळींनी पास्ता रबरासारखा होईल म्हणून ओरड केली. परंपरेचा दाखला द्यायचा, तर पंधराव्या शतकातला मार्तिनो हा नामवंत आचारी सिसिलियन मॅकरोनी दोन तास उकळायला सांगतो. दाताखाली लागणाऱ्या पास्त्याची आवड फार नंतरची.

पण कमी पाण्याचा खरा फायदा गॅसच्या बचतीत नाही, तो पास्त्याच्या स्टार्चने गढूळ झालेल्या पाण्यात आहे. रोममधला ‘काचो ए पेपे’ पाहा: पेकोरिनो चीज, मिरी, पास्ता, बस्स. चीज तापलं की त्याच्या गुठळ्या होतात; स्टार्च त्यांना आवर घालतो. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने 2025 मध्ये दाखवलं, की चीजच्या वजनाच्या दोन-तीन टक्के स्टार्च असला तर सॉस फाटत नाही. पातेलंभर पाण्यात आपण तोच स्टार्च इतका पातळ करतो की त्याचा असून नसून सारखाच उपयोग.

अंड्याचा ताजा पास्ता मात्र उकळत्या पाण्यातच टाकावा. गार पाण्यात त्याचा लगदा होतो. आणि कमी पाण्यात आखूड पास्ता सोपा. स्पॅगेटीला पसरट कढई हवी, नाहीतर टोकं बाहेर राहतात.

पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक तुकडा दाताने तोडून पाहावा. मधोमध पांढरा ठिपका दिसतो; तिथवर पाणी पोचलेलं नसतं. तो सुईच्या टोकाएवढा झाला की पास्ता काढून, न धुता, सॉसमध्ये टाकावा आणि वर त्याच पाण्याचा एक डाव ओतून उरलेलं शिजणं तिथेच होऊ द्यावं. मीठ मात्र बेताने, कारण हे पाणी आता ताटात येणार आहे.