सायकलच्या साखळीचे व डिरेलरचे बिघाड

सायकलच्या साखळीचे व डिरेलरचे बिघाड म्हणजे पेडलवर दिलेली शक्ती मागच्या चाकापर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेत उद्भवणारे दोष होत. साखळी उतरणे, दात्यांवरून घसरणे, ठरावीक अंतराने अडखळणे, गिअर न बदलणे किंवा आपोआप बदलणे ही त्यांची नेहमीची लक्षणे आहेत. बोलीभाषेत साखळीला ‘चेन’ म्हणतात. यांतील बहुतेक दोष पाना, पेचकस, पकड, चिंधी व तेल एवढ्या साहित्यावर घरीच दूर करता येतात. प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्यातील परिस्थिती प्रामुख्याने विचारात घेतली आहे.

स्थानिक परिस्थिती

मराठवाड्यातील जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. येथील जमीन बव्हंशी काळी कापसाची असून ती पावसाळ्यात चिकट गाळासारखी होते व उन्हाळ्यात भेगाळून तिची बारीक धूळ उडते. साखळीला दोन्ही घातक. चिखल मडगार्डमध्ये अडकून चाक जाम करतो. धूळ तेलात मिसळून कानशीप्रमाणे खिळे झिजवते. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात व हा जिल्हा त्या कार्यक्रमात समाविष्ट आहे. वस्ती व शाळा यांच्यामध्ये दुरुस्तीचे दुकान असेलच असे नाही. त्यामुळे वाटेत चेन तुटली तर सायकल हाताने ढकलत न्यावी लागते आणि दुरुस्ती लांबली तर शाळा बुडते. सायकल मिळणे व ती चालू राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साखळीची रचना

आजची साखळी ज्या प्रकारची आहे ती रोलर साखळी हान्स रेनोल्ड यांनी १८८० साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे विकसित केली. तिच्यात आतील व बाहेरील कड्या एकाआड एक असतात. लागोपाठच्या दोन खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. हे माप जगभर सारखे असल्याने साखळीची झीज साध्या मोजपट्टीने कळू शकते. एका गतीच्या सायकलीची साखळी रुंद, तर गिअरच्या सायकलीची अरुंद असते. एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

‘साखळी वाढली’ असे म्हटले जाते तेव्हा तिच्या पट्ट्या ताणल्या गेलेल्या नसतात. खिळे व त्यांभोवतीची भोके झिजतात, प्रत्येक सांध्यात किंचित सैलपणा येतो आणि शंभराहून अधिक सांध्यांची बेरीज डोळ्यांना दिसू लागते. मोजण्यासाठी साखळी ताणून धरावी व एका खिळ्याच्या मध्यापासून २४ कड्या पुढच्या खिळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्यावे. ते नव्या साखळीत बरोबर १२ इंच भरते. १/१६ इंच जास्त भरल्यास साखळी बदलावी. १/८ इंच जास्त भरेपर्यंत वाट पाहिली तर दातेही त्याच मापाने झिजलेले असतात. मग नुसती नवी साखळी घातल्यास ती जुन्या फ्रीव्हीलवर जोर लागताच घसरते. ‘नवी चेन टाकली तरी सटकते’ या तक्रारीमागचे कारण बहुधा हेच असते. अशा वेळी फ्रीव्हीलही बदलावे लागते.

एका गतीच्या सायकलीतील बिघाड

या सायकलीत साखळी वारंवार उतरण्याचे मुख्य कारण ढिलेपणा होय. खालच्या पदराच्या मध्यावर बोटाने वर-खाली केल्यास साखळी सुमारे अर्धा ते पाऊण इंच हलावी. त्याहून जास्त हलली तर मागच्या एक्सलचे दोन्ही नट सैल करून चाक मागे ओढावे, रिम चौकटीच्या दोन्ही नळ्यांपासून सारख्या अंतरावर आहे हे पाहावे आणि नट आळीपाळीने आवळावेत. एकच बाजू आधी पक्की केल्यास चाक तिरपे बसते, ब्रेक घासतो व साखळी पुन्हा उतरते. चाक हलवल्यानंतर मागच्या ब्रेकची जुळणी तपासणे आवश्यक असते.

चेनव्हील अगदी गोल फिरतेच असे नाही. पेडल सावकाश फिरवल्यास साखळी एका जागी ताठ व दुसऱ्या जागी सैल होते. ताण ठरवताना सर्वांत ताठ जागा प्रमाण मानावी, अन्यथा पेडल जड होऊन बेअरिंगवर भार येतो. चाक खाचेच्या टोकापर्यंत मागे आले तरी साखळी सैलच असेल, तर एक आतील व एक बाहेरील अशी कड्यांची जोडी काढण्याची पद्धत आहे. मात्र साखळी वर सांगितल्याप्रमाणे झिजलेली असेल, तर हा उपाय चार दिवसांचाच ठरतो.

उतरलेली साखळी प्रथम मागे फ्रीव्हीलवर बसवावी, नंतर पुढे चेनव्हीलच्या वरच्या दात्यांवर अडकवून मागचे चाक उचलावे व पेडल हळूहळू पुढे फिरवावे. साखळी बोटाऐवजी काडीने धरणे सुरक्षित. साखळी जोडणाऱ्या ‘लॉक’ची पातळ क्लिप बसवताना तिचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेला असावे लागते, उलट बसवलेली क्लिप अडकून निसटू शकते.

डिरेलरचे बिघाड

साखळीला एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागास डिरेलर म्हणतात. टूर द फ्रान्स शर्यतीत त्याला १९३७ पासून परवानगी मिळाली. भारतात १८ किंवा २१ गिअरच्या सायकली सर्वत्र दिसू लागल्या तसा हा नाजूक भाग खेड्यापाड्यांतही पोहोचला.

गिअर नीट पडत नसला की दिसेल तो स्क्रू फिरवण्याचा मोह होतो. त्यातूनच लहान दोष मोठा होतो. तपासणीचा क्रम ठरलेला असावा. प्रथम यंत्रणा स्वच्छ करावी. नंतर मागे उभे राहून डिरेलरच्या दोन्ही लहान चाकांची रेषा पाहावी. ती दातेरी चक्रांशी समांतर नसेल तर डिरेलर ज्या पट्टीवर टांगलेला असतो ती वाकलेली आहे. सायकल उजव्या अंगावर पडल्याने किंवा टेम्पोत आडवी टाकून नेल्याने असे होते. पट्टी वाकलेली असताना कोणतीही जुळणी टिकत नाही.

यानंतर मर्यादा ठरवणारे दोन स्क्रू. त्यांवर बहुधा ‘एच’ व ‘एल’ ही रोमन अक्षरे असतात. पहिला डिरेलरला सर्वांत लहान चक्राच्या बाहेर, तर दुसरा सर्वांत मोठ्या चक्रापलीकडे स्पोकमध्ये जाऊ देत नाही. घड्याळाच्या दिशेने आवळल्यास त्या बाजूची हालचाल कमी होते. ‘एल’ स्क्रू सैल राहिला तर चढावर मोठ्या चक्रावर जाताना डिरेलर थेट स्पोकमध्ये शिरतो, मागचे चाक क्षणात अडकते आणि चालवणारा पडतो. म्हणून चाक उचलून, पेडल हाताने फिरवत ही जुळणी आधी तपासावी. रस्त्यावर प्रयोग करू नये.

वायरचा ताण सर्वांत शेवटी जुळवावा. वायर जेथे डिरेलरमध्ये शिरते तेथे हाताने फिरणारी छोटी फिरकी असते. साखळी मोठ्या चक्रावर चढायला वेळ लावत असेल तर फिरकी मागून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवावी. एक चक्र ओलांडून जात असेल किंवा पुढच्या चक्राला घासत असेल तर सुलट. दोन्ही दिशांना काम बिघडते, पण फिरकीने फरक पडत नाही, अशा वेळी वायरीच्या आवरणात गंज किंवा माती साचलेली असते. वायर व आवरण दोन्ही बदलणे हाच त्यावर उपाय. ठरावीक अंतराने एकच धक्का बसत असेल तर दोष गिअरचा नसून ताठर कडीचा असतो. पेडल उलटे फिरवल्यास ती कडी लहान चाकांमधून जाताना सरळ होत नाही, तीवरून ओळखता येते. तेल देऊन ती आडव्या दिशेने हलकेच हलवल्यास मोकळी होते.

स्वच्छता व वंगण

मोटारसायकलचे जळके ऑइल साखळीला लावण्याची पद्धत सर्वत्र आहे. ते फुकट मिळते हाच त्याचा गुण. त्यात धातूचे कण असतात आणि दाट थरामुळे धूळ चिकटते. चिखलात भिजलेली साखळी पाण्याने धुऊन, ब्रश व थोड्या रॉकेलने किंवा डिझेलने साफ करावी आणि पूर्ण वाळू द्यावी. हे काम चुलीपासून दूर व्हावे. नंतर प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब सोडून पेडल उलटे फिरवावे व बाहेरचे तेल चिंधीने पुसून टाकावे. तेल आत हवे, बाहेर नको. चिंधी खालच्या पदराच्या मध्यावर धरावी, दात्यांजवळ नेऊ नये.

साखळीवरचे कव्हर दुरुस्तीसाठी काढल्यास परत बसवणे आवश्यक असते. ओढणी, साडीचा पदर किंवा पायजम्याचे टोक साखळीत अडकून होणारे अपघात त्यामुळे टळतात. सारखे काढावे लागते म्हणून कव्हर फेकून देण्याची सवय मुलींच्या सायकलींच्या बाबतीत विशेष धोक्याची आहे. चौकटीला तडा, वाकलेले चेनव्हील, फ्रीव्हील उतरवणे व वाकलेली टांगणपट्टी सरळ करणे या कामांना खास हत्यारे लागत असल्याने ती कारागिराकडे न्यावीत.