व्हिडिओ गेम प्रकाशन परवाना

व्हिडिओ गेम प्रकाशन परवाना म्हणजे एखाद्या गेमच्या मालकाने तो गेम ठरावीक उपकरणांवर, ठरावीक प्रदेशात व ठरावीक मुदतीपुरता वितरित करण्याचा अधिकार प्रकाशकास देणारा करार होय. गेम प्रकाशित करणारी संस्था हीच त्याची मालक असते असे नाही. मराठी ग्रंथव्यवहारातही पुस्तकावर प्रकाशकाचे नाव ठळक असले तरी प्रताधिकार लेखकाकडे असू शकतो. तसाच हा भेद आहे. गेमचा पुढील भाग कोणी आणि केव्हा काढावा, हे पुष्कळदा याच भेदावर ठरते.

भारतीय कायद्यातील स्थान

प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणक आज्ञावली ही 'साहित्यकृती' मानली जाते. चित्रे, संगीत व कथानक यांना स्वतंत्र संरक्षण मिळते, तर गेमचे नाव व बोधचिन्ह व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खाली नोंदविता येते. नोकरीत असताना केलेल्या कामाचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्ता असतो.

प्रताधिकाराच्या अभिहस्तांकनासंबंधीचे कलम १९ विशेष महत्त्वाचे आहे. करारात मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षांची, आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता समजला जातो. हक्क घेणाऱ्याने १ वर्षात त्याचा वापर केला नाही, तर करारात वेगळी तरतूद नसल्यास तो हक्क संपुष्टात येतो. कलम ३०अ अन्वये हे नियम परवान्यांनाही लागू होतात. नांदेड किंवा लातूर येथील एखाद्या विद्यार्थ्याने स्वतः तयार केलेला गेम प्रकाशकाकडे सोपविताना मुदतीचा रकाना कोरा सोडला, तरी तो गेम कायमचा हातचा जात नाही. मात्र 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असे शब्द असलेल्या करारावर सही केल्यास या तरतुदींचा आधार फारसा उरत नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम तयार केला; त्याचे प्रकाशन सुपर डॉट कॉम या परदेशी प्रकाशकाने केले. २०१७ मधील लोकवर्गणीची मोहीम अयशस्वी झाल्यावर प्रकाशकाची गरज उघड होती. १८ ऑगस्ट २०२० रोजी हा गेम प्रथम केवळ निन्टेन्डो स्विचवर आला आणि सुमारे दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, इतर उपकरणांवर उपलब्ध झाला. मुदतबंद अनन्य प्रकाशनाचा हा नमुना होय. कथेत दुर्गा व विष्णू यांचा वावर आहे. पुराणातील देवतांवर कोणाचीच मालकी नसते. संरक्षण मिळते ते त्यांच्या विशिष्ट चित्रणास व राजी या नव्या पात्राच्या मांडणीस.

प्रकाशक बदलल्याचा प्रसंग

पबजी मोबाइल हा गेम भारतात चीनची टेन्सेंट कंपनी प्रकाशित करीत असे, तर मूळ मालकी दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन समूहाकडे होती. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत हाही होता. त्याच महिन्यात मालकाने भारतातील प्रकाशनाचे अधिकार टेन्सेंटकडून काढून घेतले आणि २ जुलै २०२१ रोजी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' स्वतः प्रकाशित केला. जुन्या खात्यांतील माहिती नव्या गेममध्ये हलविण्यासाठी खेळाडूंना मुदत देण्यात आली. मालकी प्रकाशकाकडे असती, तर हा मार्ग खुला राहिला नसता. जुलै २०२२ मध्ये हा गेमही ॲप दुकानांतून हटविला गेला व मे २०२३ मध्ये परतला. परवाना शासकीय आदेशापासून संरक्षण देत नाही.

पुढील भागाचा काळ

फिनलंडच्या रेमेडी या एकाच संस्थेचे दोन अनुभव येथे उद्बोधक ठरतात. 'मॅक्स पेन'ची मालकी २००२ मध्ये टेक-टू कंपनीस विकल्यानंतर त्याचा दुसरा भाग रेमेडीने केला, पण २०१२ मधील तिसरा भाग टेक-टूच्या रॉकस्टारने काढला. 'ॲलन वेक' (२०१०) ची मालकी रेमेडीने राखली होती, परंतु प्रकाशनाचे अधिकार मायक्रोसॉफ्टकडे होते. ते २०१९ मध्ये रेमेडीकडे आले आणि दुसरा भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये एपिक गेम्सकडून प्रकाशित झाला.