परदेशी मैदानाचा खर्च

पुण्यातून खेळाडू परदेशी स्पर्धेला पाठवण्याची सुरुवात १९२० साली झाली आणि तो खर्च खेळाडूंच्या घरच्यांनी केला नव्हता. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यापाड्यांतली अनवाणी धावणारी मुले पाहून सर दोराबजी टाटांनी त्यांना अँटवर्प ऑलिंपिकला न्यायचे ठरवले. पुण्यात निवड चाचणी झाली. स्वतः टाटांनी पैसे घातले, सरकारने काही दिले, बाकीचे देणग्यांतून उभे राहिले. मॅरेथॉनमध्ये बेळगावचा फडेप्पा चौगुले एकोणिसावा आला, तर कुस्तीत रणधीर शिंदे चौथा. बत्तीस वर्षांनी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यामागेही गावकऱ्यांची वर्गणी होती, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण टाकले होते. शेतकऱ्याचा मुलगा परदेशी मैदानापर्यंत पोचला, कारण वाटखर्च दुसऱ्या कोणीतरी आपला मानला. माझे म्हणणे एवढेच की ही रीत गोल्फपर्यंत आलीच नाही, आणि या खेळातली मुले ठरावीक घरांतूनच येतात याचे मोठे कारण तेच आहे.

सॅन डिएगोची मुलांची ज्युनिअर वर्ल्ड गोल्फ स्पर्धा १९६८पासून भरते. टायगर वुड्सने लहानपणी तिथल्या बालगटांत विजेतेपदे मिळवली होती. तिथे उतरायचे तर प्रवेश शुल्क, विमान, मुक्काम, सरावाच्या फेऱ्या, सगळे आधी भरावे लागते. लहान गटांत मुलाची बॅग बहुधा आई किंवा वडीलच वाहतात, म्हणजे एका खेळाडूमागे दोन तिकिटे आणि घरातल्या एकाची रजा. पुण्याच्या मार्केट यार्डात आडत्याकडे मुनीम असलेल्या किंवा गाळ्यावर तोलाई करणाऱ्या माणसाला हे गणित जमणारे नाही. येरवड्याचे गोल्फचे मैदान शहरातच असले, तरी त्याच्या घरापासून ते फार लांब राहते.

गोल्फ श्रीमंतांचाच खेळ आहे, त्याला लोकांचा पैसा कशाला, असे कोणी विचारेल. या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फपटू अली शेर हा आधी कॅडी होता. ही स्पर्धा पुढे दोनदा जिंकणारा आणि रिओ ऑलिंपिकला गेलेला शिवशंकर प्रसाद चौरसिया हा कोलकात्याच्या मैदानावर गवताची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. हात आणि नजर गरिबाघरीही असते, हे या दोघांनी सिद्ध केले आहे. मात्र मैदानात ते मागच्या दाराने, कामगार म्हणून आले, आणि परदेश पाहिला तो व्यावसायिक झाल्यावर. आज वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी ज्या स्पर्धांत मुले घडतात, त्यांना मागचे दार नाही. कुस्तीही काही फुकट नव्हती. पैलवानाचा खुराक भल्याभल्या घरांना परवडत नसे. तो भार तालमीने, जत्रेने, संस्थानाने उचलला म्हणून ती गरिबाची राहिली. महाग खेळ श्रीमंतांचाच राहतो तो त्याचा खर्च वाटून घेणारे कोणी नसते म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: टाटा काय, खर्डेकर काय, हे एकेकट्या माणसांचे औदार्य होते आणि औदार्यावर व्यवस्था उभी राहत नाही. हे मला मान्य आहे. म्हणूनच मी मार्केट यार्डाकडे बोट दाखवतो. इथला हमाल एके काळी पाठीवरच्या पोत्याएवढाच सुरक्षित होता. पोते उतरले की नाते संपले. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांचा लढा आणि १९६९चा माथाडी कायदा यांमुळे व्यापाऱ्याला हमालीवर ठरावीक लेव्ही माथाडी मंडळात भरावी लागली. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा मिळू लागली. प्रत्येक व्यवहारातून थोडे बाजूला काढले तर ते कोणाला जड होत नाही आणि त्यावर कोणाची मेहेरबानीही राहत नाही, हे इथे रोज दिसते. शेजारीच गुलटेकडीला, कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली स्थापलेल्या महाराष्ट्रीय मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. पैसा गोळा करण्याची रीत आणि खेळाडू पारखणारी नजर, दोन्ही एकाच परिसरात आहेत. शाळांना साधी मैदाने नसताना गोल्फ आधी कशाला, असेही म्हणता येईल. मैदाने आधीच हवीत, यात वाद नाही. पण व्यवहारामागे असेच थोडे बाजूला काढून गोल्फसाठी निधी उभारला, त्यातून वर्षाला दोन-तीनच मुले पाठवली, त्यांची निवड खुल्या चाचणीने केली आणि येरवड्याच्या कॅडींच्या मुलांनाही त्या चाचणीला उभे केले, तर शाळांच्या वाट्याचे काही जात नाही. आणि मुलाबरोबर जाणाऱ्या आईचा किंवा वडिलांचा बुडालेला रोज त्या खर्चात पहिल्यापासून धरावा लागेल.