अक्षत आणि पत्रिका

विवाहसंस्थेचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं कन्यादान, सप्तपदी, मंगलाष्टकें यांचा विचार पुष्कळ केला आहे. परंतु लग्नाचें बोलावणें हा विषय क्षुल्लक समजून बहुधा सोडून दिला आहे. आमच्या मतें ही उपेक्षा योग्य नव्हे. लग्नास कोणाला बोलवावयाचें, कोणाच्या हातून बोलवावयाचें आणि बोलावूनहि जो येत नाहीं त्याच्याशीं कसें वागावयाचें, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत समाजाची सारी घडण उतरलेली असते. त्यांतून आम्ही वऱ्हाडांत राहणारे. आपल्या प्रांताचें नांव आणि लग्नास निघालेल्या मंडळींचें नांव एकच असलेल्या माणसांनीं तरी या विषयास तुच्छ लेखूं नये.

लोकसमजूत हें नामसाम्य रुक्मिणीच्या विवाहाशीं जोडते. ही व्युत्पत्ति भाषाशास्त्राच्या कसोटीस लावण्याजोगी नसली, तरी कथा बोधप्रद आहे. भागवताच्या दशमस्कंधांत ती आली आहे. तिजवर तेराव्या शतकांत महानुभाव कवि नरेंद्र यानें आणि शके १४९३ मध्यें, म्हणजे इ. स. १५७१ त, एकनाथांनीं मराठींत काव्यें रचलीं. रुक्मिणीचें माहेर म्हणून सांगितलें जाणारें कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यांत वर्धा नदीच्या कांठीं आहे. आणि हीच वर्धा पुढें यवतमाळ जिल्ह्याची सीमा होऊन वाहते. या कथेंत शिशुपालास घराण्याकडून रीतसर बोलावणें होतें. तो सैन्य, सोयरे आणि मित्र राजे घेऊन थाटानें आला. श्रीकृष्णास वडीलधाऱ्यांचें बोलावणें नव्हतें. त्याला नियोजित वधूनेंच एका ब्राह्मणाच्या हातीं निरोप धाडला होता. थाटाच्या बोलावण्यानें आलेला वर रिकामा परतला आणि एका विश्वासू माणसाकरवीं ज्यास हांक गेली तो वेळेवर पोंचला. बोलावण्याचें बळ त्याच्या डामडौलांत नसतें. ऐकणाऱ्यावर जें बंधन पडतें त्यांत असतें, हें या कथेवरून ध्यानांत येतें.

हें बंधन आमच्या वैयाकरणांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. पाणिनीनें विध्यर्थाच्या सूत्रांत निमंत्रण आणि आमंत्रण हे दोन अर्थ निरनिराळे सांगितले, आणि टीकाकारांनीं त्यांतील भेद उकलून दाखविला. जें टाळतां येत नाहीं तें निमंत्रण; श्राद्धाच्या भोजनास नातवाला बोलावणें हें त्याचें उदाहरण. ज्यांत येणें न येणें ऐकणाऱ्याच्या खुषीवर सोपविलेलें असतें तें आमंत्रण. आजच्या मराठींत हा भेद पुसट झाला आहे. परंतु आमच्या विषयाची किल्ली त्यांतच आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आमच्याकडील लग्नाचें बोलावणें पूर्वीं निमंत्रण होतें, तें गेल्या दीडशें वर्षांत हळूहळू आमंत्रण झालें. आणि या फेरफारांत कांहीं गमावलें तसें कांहीं कमावलेंहि.

जुनी रीत अक्षतीची. कुंकवानें रंगविलेल्या अखंड तांदुळांची पहिली अक्षत गणपतीपुढें, मग कुलदैवतापुढें, मग ग्रामदैवतापुढें ठेवावयाची, आणि त्यानंतर माणसांकडे वळावयाचें. बोलावण्याचेहि प्रकार ठरलेले असत. कोठें घरटीं एक माणूस, कोठें जोडप्यास, आणि जेथें जिव्हाळा अधिक तेथें 'चूलबंद', म्हणजे त्या दिवशीं त्या घरीं चूल पेटवावयाची नाहीं. सासरीं असलेल्या लेकीला नुसता निरोप चालत नसे. तिला आणावयास मूळ धाडावें लागे. कोणाच्या दारीं यजमानानें स्वतः जावयाचें, कोणाकडे मुलास पाठवावयाचें, कोणाकडे गड्याचें जाणें पुरे, याचा हिशेब घरांतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडीं असे. त्यांत चूक झाली तर एखादा मेहुणा किंवा चुलता मांडवाबाहेर रुसून बसे आणि त्याची समजूत काढल्यावांचून मुहूर्ताचें पाऊल पुढें पडत नसे. बंजाऱ्यांच्या तांड्यांत नायक आणि कारभारी यांना वगळून सोयरीक ठरत नसे. अशा ठिकाणीं न येणें म्हणजे गैरहजेरी नव्हे. तें नातें तोडणें होय. येणाऱ्यावर येण्याचें बंधन, तसें बोलावणाऱ्यावर बोलावण्याचेंहि बंधन. ज्याच्या घरचें आपण जेवलों त्याला वगळण्याची मुभा कोणासहि नव्हती.

हीच रीत थोरामोठ्यांच्या घरीं राजकारणाचें रूप घेई. इ. स. १७८३ मध्यें पुण्यास सवाई माधवरावांचें लग्न झालें. त्या समारंभाच्या व्यवस्थेची सविस्तर याद प्रसिद्ध आहे. तींत कामें निरनिराळ्या असामींकडे नेमून दिलेलीं आहेत, आणि पाहुण्यांच्या मानाचा विचार युद्धाच्या तयारीइतक्याच काळजीनें केलेला दिसतो. तें आश्चर्य नव्हे. पेशवा तेव्हां वयानें लहान, कारभार नाना फडणीसांच्या हातीं, आणि मराठ्यांचे सरदार आपापल्या प्रांतीं बलिष्ठ. कोण येतो आणि कोण कोठें बसतो, यावरून दौलतीची प्रकृति समजे. त्याच काळीं आमच्या भागांत नागपूरकर भोसले आणि निजाम यांचा दुअमल चालूं होता. एका प्रांताला दोन धनी, तेव्हां येथील देशमुखदेशपांड्यांस लग्नाची यादी करतांना दोन्ही दरबारांचीं माणसें सांभाळावीं लागलीं असतील, हा तर्क करावयास हरकत नाहीं.

बोलावण्याचें बंधन माणसाच्या पावलांत असावें कीं कागदांत, या प्रश्नाचें दुसरें उत्तर चिनी लोकांनीं दिलें आहे. तें येथें पाहिलें तर आमचें वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होईल. चीनच्या प्राचीन विधिग्रंथांत विवाहाचे सहा टप्पे वर्णिले असून त्यांतील बहुतेकांत वराकडील दूत रानहंस घेऊन वधूच्या घरीं जातो. पुढें या सहा विधींच्या जोडीस तीन पत्रें आलीं : एक मागणीचें, दुसरें भेटवस्तूंच्या यादीचें, तिसरें वधूस घेऊन जाण्याच्या दिवशींचें. तेथें लेख हाच विधीचा भाग झाला. पाहुण्यांसहि लाल कागदावर सोनेरी अक्षरांचें बोलावणें जातें आणि त्यावर 'आनंद' हें अक्षर जोडून दोनदां काढलेलें असतें. कँटनकडे वधूचें घर आप्तेष्टांत गोड वड्या वांटतें. वडी पोंचली कीं लग्नाची वर्दी पोंचली. पाहुणा लाल पाकिटांत पैसे देतो आणि तें नोंदलें जातें. आमच्याकडील आहेराच्या वहीसारखेंच हें आहे. चिन्यांची वडी आणि आमची अक्षत या बहिणीच म्हणाव्या. परंतु चिन्यांनीं कागदास जो मान दिला तो आम्हीं माणसास दिला. आमच्याकडे चिठी जात असे, पण ती घेऊन येणारा कोण आहे याकडे आधीं पाहिलें जाई.

कागदाचें राज्य आमच्याकडे छापखाना आणि टपाल यांनीं आणिलें. गणपत कृष्णाजींनीं इ. स. १८३१ मध्यें मुंबईस शिळाप्रेसवर पंचांग छापलें. मुहूर्त असा आधीं छापला गेला, पत्रिका मागून आली. इ. स. १८५४ त अंतर कितीहि असो, हलक्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर ठरला, आणि १८७९ त पाव आण्याचें कार्ड निघालें. त्यापूर्वीं, १८५३ त, निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें होतें. पूर्वीं 'वणी' या नांवानें ओळखला जाणारा आमचा जिल्हा १९०५ पासून यवतमाळ या नांवानें चालूं लागला. विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापुराहून यवतमाळास छोटी आगगाडी आली. कापूस बाहेर नेण्यासाठीं हा सारा खटाटोप होता; पण त्याच वाटेनें पाहुणेहि येऊं लागले. कापूस विकून हातीं रोकड आली कीं लग्नसराई, हा क्रम काळ्या मातीच्या मुलखांत नैसर्गिकच होता. मग कोपऱ्यांस हळदकुंकू लावलेलीं पत्रिकेचीं पाकिटें उघडीं ठेवून 'बुक पोस्ट' म्हणून टाकण्यांत येऊं लागलीं. तें कुंकू निरक्षरासहि सांगे कीं, भिण्याचें कारण नाहीं, वार्ता मंगल आहे.

येथें जें कमावलें तें सांगितलें पाहिजे. जुन्या रीतीच्या जिव्हाळ्याचे गोडवे गाणारे एक गोष्ट विसरतात. गांवचे निरोप गांवोगांव पोंचविणें हें महाराच्या वतनी कामांपैकीं होतें. ज्याच्या पायांनीं गांवाचें सुखदुःख सोयऱ्यांपर्यंत जाई, त्याला पंगतींत पाट नव्हता. उरलेलें अन्न मांडवाबाहेर मिळे. तें 'चूलबंद' बोलावणें त्याच्या चुलीपर्यंत कधींच पोंचलें नाहीं. टपालाचा शिक्का मात्र वरच्या आळीचें आणि खालच्या आळीचें पाकीट सारखेंच ठोकतो. पत्रिकेनें ज्याला त्याला आपल्या घराचें नांव आपल्या हातानें छापण्याची संधि दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर असंख्य पत्रिकांच्या माथ्यावरून गणपति जाऊन बुद्ध आला. गोंडांच्या पत्रिकेवर 'जय सेवा', बंजाऱ्यांच्या पत्रिकेवर 'जय सेवालाल' ही अक्षरें दिसतात. आमच्या जिल्ह्याचा सामाजिक इतिहास लिहूं पाहणाऱ्यानें जुन्या पत्रिकांचे गठ्ठे जपून ठेवावेत; सरकारी दप्तरांत न मिळणारी माहिती त्यांत मिळेल.

गमावलें तें असें. पाऊल मोजून पडतें, कागद मोजून पडत नाहीं. यजमानाला स्वतः जावें लागे तोंवर यादीला त्याच्या पायांची मर्यादा होती. छापखान्यानें ती काढून टाकली. शेंकडों माणसांना बोलावतां येतें म्हणून बोलावलें पाहिजे, असें होऊन बसलें. आणि बोलावलें कीं जेवूं घातलें पाहिजे. यादी वाढली तसें सावकाराचें पुस्तकहि वाढलें. गाडगे महाराज कीर्तनांतून कर्ज काढून लग्न करूं नका असें कंठशोष करून सांगत. तुकडोजी महाराजांनींहि साध्या विवाहाचा पुरस्कार केला. हे दोघेहि अमरावतीकडचे, म्हणजे हें दुखणें त्यांनीं घरांतलेंच पाहिलेलें. पुढें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें यवतमाळचें नांव देशभर झालें, आणि २००६ त केंद्र सरकारनें विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठीं मदत जाहीर केली त्यांत आमचा जिल्हा होता. त्या दुःखाचीं कारणें अनेक आहेत. तीं सगळीं लग्नखर्चावर लोटणें अन्यायाचें होईल. पण मुलीच्या लग्नाची धास्ती त्यांत होती, हें सामुदायिक विवाहांस सरकारनें साहाय्य देऊं केलें यावरूनच दिसतें. अशा विवाहाच्या एकाच पत्रिकेवर अनेक जोडप्यांचीं नांवें असतात. कोणाचा बाप किती मोठा, हें तीवरून कळत नाहीं. हा तिचा मोठाच गुण आहे.

इ. स. २०२० च्या साथींत लग्नास ५० माणसांची मर्यादा पडली, आणि पुढील वर्षीं महाराष्ट्रांत ती २५ वर आली. तेव्हां घरोघर पुन्हां तो जुना हिशेब मांडावा लागला : कोण आल्यावांचून हें लग्न होऊं शकत नाहीं ? साथ ओसरली आणि याद्या पूर्ववत् फुगल्या. आज पत्रिका भ्रमणध्वनीवरून एका क्षणांत हजार ठिकाणीं जाते, आणि तिच्यावर शब्द असतो 'आग्रहाचें निमंत्रण'. बोलावण्याचा जोर जसजसा ओसरला तसतसा शब्द भारदस्त होत गेला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. हजारांस आमंत्रण खुशाल द्यावें. परंतु निमंत्रण या शब्दाचा अर्थ अजून शिल्लक राहावा असें ज्यांना वाटतें, त्यांनीं यादी करतांना पांचपंचवीस घरें तरी अशीं राखावीं कीं जेथें आपणच अक्षत घेऊन जाऊं. आणि ज्या घराची पायरी आपले वाडवडील कधीं चढले नाहींत, असें एक घर त्यांत अवश्य घालावें.