गैरहजेरीचा इतिहास : दंड, दार आणि अंगण

१/
पटावर नाव असते, वर्गात मूल नसते. प्राथमिक शाळेतील गैरहजेरीचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेले असते : पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. हे उत्तर आजचे नाही. ते कितपत खरे आहे आणि ज्यांना ते पटले नाही त्यांनी काय केले, हे आपल्याच इतिहासातून पाहू.

२/
सुरुवात एका अशा मुलापासून, ज्याला शाळेत जायचे होते. जून १८५६. मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला, म्हणून त्याने सरकारकडे अर्ज केला. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे सरकारने मान्य केले. पण एका मुलासाठी हस्तक्षेप करण्यास नकार दिला. गैरहजेरीच्या इतिहासात ही गैरहजेरी सहसा मोजली जात नाही.

३/
१८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. खेड्यांतील शेतकरी मुलांना शाळेत का पाठवत नाहीत, याची त्यांनी दिलेली कारणे नेमकी आहेत : पराकोटीचे दारिद्र्य, आणि गुरे राखण्यासाठी व शेताकडे पाहण्यासाठी मुलांची लागणारी गरज. कारण मनोवृत्तीत नव्हते. ते घराच्या दिनक्रमात होते.

४/
फुल्यांनी सुचवलेल्या उपायांचा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. आधी शाळांची संख्या वाढवा. सोबत शिष्यवृत्त्या आणि सहामाही वा वार्षिक बक्षिसे देऊन शिक्षणाची गोडी लावा. त्यानंतर निदान बारा वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी येते. म्हणजे सक्तीआधी सवलत. पुढील अर्धशतकात चर्चा मात्र प्रामुख्याने सक्तीभोवतीच फिरली.

५/
सक्तीचा पहिला मोठा प्रयोग बडोदे संस्थानात झाला. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील निवडक गावांत तो सुरू केला आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानाला लागू केला. मुलग्यांसाठी ७ ते १२ आणि मुलींसाठी ७ ते १० अशी वयोमर्यादा होती. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. मुलींनाही सक्तीच्या कक्षेत घेणे हे त्या काळाच्या मानाने धाडसाचेच पाऊल होते.

६/
१९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. जेथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जातात, तेथेच ६ ते १० वयाच्या मुलग्यांना सक्ती, असे त्याचे मर्यादित स्वरूप होते. गैरहजेरीच्या मान्य कारणांत आजारपणाबरोबर घरची निकड आणि शेतीचा हंगाम यांनाही स्थान होते. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

७/
इंग्रज सरकारने जे नाकारले, ते कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केले. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. आज या दंडाची आठवण वारंवार काढली जाते. पण शाहूंचे काम दंडापाशी थांबले नव्हते.

८/
१९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याचा हुकूम काढला. त्याचे मोल समजण्यासाठी डॉ. आंबेडकरांचे साताऱ्यातील बालपण आठवावे : बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि शिपाई नसेल तर पाणीही नाही. अशा शाळेत मूल पाठवताना आईबाप पुस्तकांच्या खर्चाबरोबर अपमानाचाही हिशेब करत असणारच.

९/
मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात एक आकडा मांडला. प्राथमिक शाळेत येणाऱ्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात. दोन वर्षांनी हार्टोग समितीनेही गळती आणि एकाच इयत्तेत अडकून राहणे, हे प्राथमिक शिक्षणाचे मोठे दुखणे ठरवले. नाव घालणे आणि मूल टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आता उघड झाले होते.

१०/
दंडाची मर्यादा येथेच दिसते. दंड गैरहजर मूल पाहतो. ते त्या वेळी काय करत आहे, हे पाहत नाही. मुलगा गुरांमागे असतो. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली असते, म्हणून आई मजुरीला जाऊ शकते. हे काम कुणीतरी करायलाच हवे. त्याची पर्यायी सोय न करता केलेली सक्ती गरिबाच्या घरावर दुसरा भार टाकते.

११/
हे ओळखून काम उभे राहिले ते बोर्डीला, आजच्या पालघर जिल्ह्यात. डिसेंबर १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. त्याच सुमारास त्याच परिसरात वारली वेठबिगारीविरुद्ध उठत होते आणि गोदावरी परुळेकर त्यांचे नेतृत्व करत होत्या. वेठीला जुंपलेल्या घरांना 'शाळेचे महत्त्व' ऐकवून भागणार नव्हते.

१२/
बालवाडी उघडली तरी पाड्यांवरची मुले तेथवर येईनात. मग शिक्षिकाच पाड्यावर जाऊ लागल्या. घराच्या अंगणात वर्ग भरू लागला : आधी मुलांना स्वच्छ करणे, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी, खेळ. बिया, शिंपले, पाने हेच साहित्य. घरासमोरच सारे चालत असल्यामुळे आयांना ते दिसे. शिक्षण ही परक्यांची भानगड राहिली नाही. अंगणवाडी ती हीच.

१३/
१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. तेव्हा शाळा कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरत राहिली आणि जवळच झाडाखाली मुले शिकत राहिली. मुलाचे काम आणि मुलाचे शिक्षण यांतील एक निवडा, असे या शाळेने घराला सांगितले नाही.

१४/
विकासवाडी हा यापुढचा टप्पा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. मोठी बहीण धाकट्याला घेऊन येई. त्याला पाळणाघरात ठेवून आपण वर्गात बसे. शिकवणुकीच्या पद्धतीइतकेच हे पाळण्याचे गणितही महत्त्वाचे होते. त्या मुलीची गैरहजेरी भावंडामुळे आहे, हे ज्यांना कळले त्यांनाच हा उपाय सुचला.

१५/
ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताईंनी काम पुढे नेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांचे नाव 'अंगणवाडी' असे रूढ झाले. शब्द देशभर पोहोचला. त्यामागचा विचार, म्हणजे मूल येत नसेल तर आपण जायचे, तो किती पोहोचला हा वेगळा प्रश्न आहे.

१६/
२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या वादाला नवे वळण दिले. मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरले, पण त्यासाठी पालकाला दंड ठेवला नाही. उलट शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरले. शंभर वर्षांपूर्वी आरोपी असलेला पालक कागदावर तरी कारभारी झाला.

१७/
कागदावर, कारण कसोटी दर दिवाळीनंतर लागते. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात आणि मुले त्यांच्यासोबत जातात. यावर साखरशाळा आल्या. मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली. मुकादमाची उचल घेतलेल्या घराला 'मुलाला का नेता?' असे विचारण्याआधी 'मागे त्याला सांभाळणार कोण?' हे विचारावे लागते.

१८/
सक्तीचा कायदा निरुपयोगी होता, असा याचा अर्थ नाही. मुलाचे शिक्षण ही राज्याची जबाबदारी आहे, हे बडोदे आणि कोल्हापूरने ठासून सांगितले. पण गैरहजेरीला वेळ असते, हंगाम असतो आणि बहुधा कडेवर एक लहान भावंड असते. ते पाहायचे तर हजेरीपट मिटून पाड्यावर जावे लागते. फुल्यांनी १८८२ मध्ये नोंदवलेली कारणे आजही तिथेच सापडतात.