जोयड्याहून काय न्यावे?

बेळगावहून येणारा कुंदा आणतो, गोकाकहून करदंट येतो, कोल्हापूरला जाऊन आलेल्याच्या पायात नवी चप्पल दिसते. आमच्या जोयडा तालुक्यातून परतणारा पाहुणा मात्र हात हलवत जातो आणि कोणी विचारलेच तर "दांडेलीला जाऊन आलो" असे सांगतो. गणेशगुडीचे राफ्टिंग, अणशीचे रान, सिंथेरीचा कडा, कवळ्याची गुहा ही सगळी ठिकाणे आपल्या तालुक्यातली. नाव होते शेजारच्या गावाचे. यात पाहुण्याचा दोष नाही. आपल्याकडून काय न्यावे हे त्याला कधी कोणी सांगितलेलेच नाही, आणि त्यामागे थोडा इतिहास आहे.

जिथून माणसे आठवणीची वस्तू हमखास आणतात, ती गावे बहुधा राजवाड्याची असतात. आपल्यापासून फार लांब नसलेली सावंतवाडी घ्या. चितार आळीतली लाखकामाची लाकडी खेळणी आणि गंजिफाचे गोल पत्ते आज पर्यटक घेतात, पण ती कला टिकली संस्थानाच्या आश्रयाने. पुढे ती मरायला टेकली तेव्हा राजघराण्यानेच वाड्यात कारागीर बसवून तिला हात दिला. थेट जावा बेटावर गेलो तरी हीच गोष्ट. 1755 च्या तहाने तिथल्या मातारम राज्याची वाटणी झाली आणि योग्यकर्ता हे सुलतानाचे शहर वसले. राजवाड्यात जे बाटिक नेसले जाई, तेच आज मालिओबोरो रस्त्यावर प्रवासी घासाघीस करून घेतात. जवळच प्रंबाननच्या शिवमंदिरात पश्चिमेच्या गाभाऱ्यात गणपती बसला आहे, हे या अंकाच्या वाचकांना आवडेल. राजा विकत घेतो, कारागीर टिकतो, आणि राजा गेल्यावर प्रवासी विकत घेतो, असा तो क्रम.

आमच्याकडे राजवाडा नव्हता. रान होते, नदी होती आणि रस्ते होते. तेव्हा इथून कोणी काय नेले, हे कोण कोणत्या वाटेने आले त्यावर ठरत गेले.

सर्वांत जुनी वाट उळवीची. बाराव्या शतकात कल्याणहून निघालेले शरण इथवर आले आणि बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा उळवीला समाधिस्थ झाले, ही लिंगायत परंपरा. माघातल्या यात्रेला धारवाड-बेळगावकडून सजवलेल्या बैलगाड्यांची रांग आजही लागते. मोटारीच्या काळात बैल जुंपून दिवसेंदिवस चालत येणाऱ्या त्या मंडळींचे आम्हाला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. तिथे एक जागा 'विभूती कणज' म्हणून दाखवतात. कणज म्हणजे धान्याचे कोठार, आपल्या कणगीच्याच घरातला शब्द. यात्रेकरू इथून विभूती घेऊन जातो. या तालुक्यातून नावासकट बाहेर जाणारी जुनी वस्तू शोधायची तर हीच.

दुसरी वाट रेल्वेची. 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला, मुरगाव बंदरापासून घाट चढणारी लाइन ठरली, आणि 1888 च्या सुमारास गाडी कॅसलरॉकला पोचली. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. बोगद्यांमागून बोगदे आणि मध्ये दूधसागर. पाहण्याच्या हौसेला एवढे पुरेसे होते. त्याच कराराने सरहद्दीवरची जकात उठवली होती, त्यामुळे पहिली तीन-चार वर्षे सामानाला अटकाव नव्हता. 1892 मध्ये करार संपला आणि पेट्या उघडणे सुरू झाले. खाली कुळ्याला पोर्तुगिजांची चौकी, वर कॅसलरॉकला इंग्रजांची. गोव्याच्या लग्नाला जाऊन आलेल्या बाईच्या ट्रंकेत काय आहे, हा सरकारी प्रश्न झाला. स्वातंत्र्यानंतर तर गोव्यातली परदेशी घड्याळे आणि पेने हा इकडच्या माणसाचा मोठाच मोह होता. 1955 च्या सत्याग्रहानंतर ही गाडीच बंद पडली आणि 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर सरहद्द उरली नाही. कॅसलरॉक कस्टमचे ठाणे म्हणून गाजले. पण तिथून गेले ते सगळे दुसऱ्या मुलखातले सामान. आमचे स्वतःचे त्यात काही नव्हते.

ते असायला हवे होते सुप्याच्या बाजारात. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचे सुपा हे आमचे मुख्य ठिकाण. 1862 मध्ये उत्तर कानडा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, तेव्हा सुपा हल्याळ तालुक्याचा पेठा होता. पुढे त्याच्याच नावाचा तालुका झाला, आणि 1956 मध्ये सारा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. रानातले मध, हिरडा, शिकेकाई, बांबूच्या टोपल्या, कुणब्यांच्या परसातले कंद या साऱ्याला एखाद्या गावाचे नाव चिकटायचे तर ते बाजाराच्या गावाचे चिकटते. कुंद्याला बेळगाव चिकटले ते असेच. सुप्याला तेवढा अवधी मिळाला नाही. गणेशगुडीजवळ काळी नदीवर 101 मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि 1980 च्या दशकात गाव पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्याला गेल्या, अनेक कुटुंबे रामनगरला वसली. देऊळ, ओटे, दुकानांच्या फळ्या यांचे काय झाले हे पाहुण्याला दिसत नाही. त्याला निळे पाणी दिसते, आणि ते सुंदर आहे हे आम्हीही नाकारत नाही. ज्या लाटांवर तो राफ्टिंग करतो, ते पाणीही धरणातून सोडलेलेच असते.

तालुक्यातून बाहेर काही गेलेच नाही असे मात्र नाही. उलट फार गेले. सागवान गेले. 1955 मध्ये दांडेलीची कागद गिरणी स्थापन झाली आणि बांबू ट्रकांनी तिकडे गेला. वीज तर अजून जाते आहे. पण ओंडक्यावर, कागदावर किंवा दिव्यावर कोणी गावाचे नाव लिहीत नाही.

पुढे उरलेल्या रानावर 1987 मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान झाले, 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, 2015 पासून त्याला काळी हे नाव आहे. रानातून काही नेण्यावर बंधने आली. वाघासाठी ती हवीतच, फक्त त्यांचा भार कुणब्यांवर जास्त पडला असे आमचे मत आहे. हीच जमात गोव्यात 2003 पासून अनुसूचित जमातीत आहे. घाटावर ती अजून मागणीच करते आहे.

आणि तरीही, आता कुठे एक वस्तू जोयड्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली आहे, ती याच कुणब्यांच्या, विशेषतः त्यांच्या बायकांच्या हातून. पावसाळा सरला की परसातली मुडली, कोनफळे आणि कितीतरी जातींचे कंद खणून निघतात, आणि अलीकडच्या वर्षांत जोयड्याला त्यांचा मेळाच भरतो. कोणत्या कंदाची भाजी, कोणता भाजायचा, कोणता नुसता उकडून मिठाशी खायचा, हे विकणारीच सांगते. मुडली अळूच्या जातीची, तेव्हा आमटीत आमसूल हवे, नाहीतर घसा खाजतो. कोरड्या जागी ती बरेच दिवस टिकते, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यालाही बिनधास्त देता येते. पिशवी जड होते, एवढीच अडचण. आमच्याकडे आता गणपतीला आलेल्या पाहुण्यांना आम्ही आधीच सांगून ठेवतो: जानेवारीत पुन्हा या, आणि येताना रिकामी पिशवी आणा.